बूस्टरमध्ये काही नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. उस्तादांजवळ तर नाहीच नाही. देवगडला आईशी दर रविवारी फोनवर बोलणं होतं, तिलाही नाही — ती जेवलास का विचारते, मी जेवलो म्हणतो, संपलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे बघा, सुरुवातच भित्रेपणाची झाली.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. चूक माझी, मग राग कुणावर, असं तुम्ही विचाराल. तेच तर. आठ वर्षं मी हा राग भलत्यांवर काढत आलो. वकीलसाहेबांवर काढला. रबराच्या एका वाटीवर काढला — बांगडीपेक्षा लहान, तिच्यावर. ज्याच्यावर काढायला हवा होता त्याला मात्र जपत राहिलो. त्याचं लग्न झालं, त्याला लोक आता मिस्त्री म्हणतात, त्याच्या हाताखाली दोन माणसं आहेत.

माझी शाळा आठवीतच सुटली. मामेभाऊ सावंगीला एका मेसमध्ये स्वयंपाकी होता, त्याच्या मागून मी वर्ध्याला आलो. मेस बंद पडली, भाऊ परत गेला, मी राहिलो. परत जाऊन काय सांगणार होतो? तेव्हा सावंगीच्या रस्त्यावर गुलाबरावजींचं गॅरेज होतं — आजही आहे — त्यांनी मला ठेवून घेतलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. जुन्या गाड्यांचं काम करणारा माणूस. नागपूर, अमरावतीहून लोक गाडी टोचन करून त्यांच्याकडे आणतात. मला पान्याचे नंबरही कळत नव्हते तेव्हा त्यांनी ते हाताच्या बोटांवर मोजून शिकवले.

आणि काकू, उस्तादांच्या बायको. उस्तादांच्या घरात कुणी मासळीला शिवत नाही. पण मी पहिल्या पावसाळ्यात तापानं पडलो आणि तोंडाला चव नाही म्हणालो, तर काकू बाजारातून सुके बोंबील घेऊन आल्या. नाकाला पदर लावून, मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून त्यांनी ते भाजले. करपवले. मी सगळे खाल्ले. असे उपकार आहेत माझ्यावर. ते मी विसरलेलो नाही — आणि इथंच मला माझा संताप येतो, कारण याच उपकारांचं पांघरूण घेऊन मी पुढचं सगळं केलं. मनाशी म्हणत राहिलो, उस्तादांचं नाव खराब होईल. काकूंना काय वाटेल. खोटं. साफ खोटं. मला भीती होती ती एवढीच, की मला काढतील. दूरच्या मुलखातल्या माणसाला ही भीती उठता-बसता असते. पाना हातातून पडला तरी मी आधी दाराकडे बघायचो.

आमच्या गॅरेजात ब्रेकच्या कामाचे काही नियम होते. कुठं लिहिलेले नव्हते, पण मोडायचे नव्हते. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस, काही म्हणजे काही लागता कामा नये. रबर धुवायचं ते ब्रेक ऑइलनंच. साध्या ग्रीसनं रबराला लगेच काही होत नाही, पण आठ-दहा दिवसांत ते फुगतं. दुसरा नियम — ज्यानं ब्रेक उघडला त्यानंच पहिली फेरी मारायची, आणि गाडीवाल्याला मागच्या सीटवर बसवायचं. आणि तिसरा — ज्यानं उघडलं त्यानंच त्यातलं सांगायचं. दुसऱ्याच्या कामात उस्ताद स्वतःसुद्धा बोलायचे नाहीत. शिकणाऱ्याची किंमत राहत नाही, म्हणायचे. या नियमांचा मला अभिमान होता. पुढं यातल्या तिसऱ्याच नियमानं मला वाचवलं. उस्तादांनी तो माणसाला मान मिळावा म्हणून केला होता, आणि मी त्याचा असा उपयोग केला.

आर्वीच्या एका वकीलसाहेबांची जुनी अँबॅसिडर आमच्याकडे आली. फिकट हिरवी, त्यांच्या वडिलांच्या वेळची. वडिलांनी तिला हौसेनं ब्रेकचा बूस्टर बसवून घेतला होता. बूस्टर म्हणजे बॉनेटखाली एक काळा पत्र्याचा डबा, पातेल्यावर पातेलं उपडं घातल्यासारखा, आणि त्याला जोडलेली एक नळी. इंजिन त्यातली हवा ओढतं आणि ब्रेकवर पायाचा जोर कमी लागतो. तो डबा पाच-सहा वर्षं नुसता बसून होता. नागपुरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती, वकीलसाहेबांना तीत गाडी न्यायची होती, आणि बूस्टर चालता हवा होता.

गाडी घेऊन आला तो सुदामभाऊ. रोहण्याचा माणूस, पन्नाशी उलटलेला. याच गाडीवर शिकला आणि सव्वीस वर्षं हीच गाडी चालवली. आमच्याकडे गाडी ठेवली की बाकीचे ड्रायव्हर निघून जातात; हा बाकड्यावर बसून राहायचा. गाडीला परक्या घरी एकटं सोडवत नाही म्हणायचा. माझी खेचायचा. "काऊन बे कोकण्या, तुमच्याकडं तं सारे रस्ते वाकडेच. गाडी चालवता का झुला खेलता?" मी म्हणायचो, तुमच्याकडे वळणच नाही, तुम्ही स्टेअरिंग कशाला ठेवता? त्यावर तो मनापासून हसायचा आणि सगळ्यांना बोलावून परत सांगायला लावायचा.

बूस्टर उस्तादांनी माझ्याकडे दिला. पहिल्यांदाच, सबंध काम. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो — लहान होतो असं म्हणून मला सोडू नका. रबरांचा संच बाहेरून मागवायला तीन आठवडे लागले. त्यात प्रत्येक रबर एकच. आणि एक लाल ग्रीसची पुडी, खास रबरासाठीची.

ज्या दिवशी जोडायचं त्या दिवशी उस्ताद आणि काकू हिंगणीला साक्षगंधाला, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याला, गेले होते. मी डबा उघडला, आतला गंज घासला, सिलिंडर आरशासारखा केला. पुडी कापून फळीवर ठेवली आणि माझ्याच कोपराचा धक्का लागून ती खालच्या पेट्रोलच्या ट्रेमध्ये पडली. विरघळून गेली. इथवर ठीक होतं. असं कुणाचंही होतं.

मी ब्रेक ऑइल लावून सिलिंडरमधली रबराची वाटी बसवायला गेलो. तिची कड दुमडली. काढली, परत घातली, परत दुमडली. तिसऱ्यांदा फाटली असती तर? एकच वाटी. मिरवणूक रविवारी. आणि सबंध काम पहिल्यांदा माझ्याकडे. उस्तादांची वाट बघता आली असती. फोन करता आला असता. मी काय केलं? शेल्फवरच्या डब्यातलं चाकाच्या बेअरिंगला लावायचं पिवळं ग्रीस बोटावर घेतलं आणि वाटीच्या कडेनं फिरवलं. नियम माहीत असून. बोटभर. वाटी सर्रकन आत गेली, आणि — हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते — मला आनंद झाला. मी शीळ घातली.

संध्याकाळी उस्ताद आले. साक्षगंधाचे कपडे अंगावरच. त्यांनी डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "रबराले ग्रीस नाई लावलं ना?"

मी नाही म्हणालो. त्यांनी पुढं विचारलं नाही. काकूंनी माझ्यासाठी आणलेला बुंदीचा लाडू दिला. तो मी तिथंच उभा राहून खाल्ला.

पहिली फेरी मी मारली. नियमाप्रमाणे सुदामभाऊ मागं बसला, दोन्ही हात पसरून. म्हणाला, "सव्वीस वर्सात पहिल्यांदा मांगं बसलो बाप्पा. आता दम देऊ का तुले साहेबासारखा?" ब्रेक असा लागत होता की अंगठ्यानं दाबावा. का नाही लागणार? रबर अजून ताजं होतं. मिरवणूक झाली, गाडीला हार पडला, वकीलसाहेबांनी उस्तादांना फोटो पाठवले, आणि उस्ताद येईल त्याला ते दाखवून सांगायचे — हे आमच्या कोकण्यानं बनवलं. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, पोरगा विनयशील आहे.

बूस्टर जोडल्यापासून बाराव्या-तेराव्या दिवशी सुदामभाऊ वकीलसाहेबांच्या आईला घेऊन आर्वीहून वर्ध्याला डोळे दाखवायला निघाला. वाटेत त्याला जळल्याचा वास आला. त्यानं गाडी थांबवली, चाकाजवळ हात नेला, चाकं तापलेली. अर्धा तास सावलीला उभी केली. मग हळूहळू निघाला. पुढं एका पुलाच्या उताराला पाय दाबला तर पेडल तळाला गेलं. समोर शेळ्या आणि एक बाई. त्यानं गाडी डावीकडच्या नाल्यात घातली. आजींचं मनगट मोडलं, त्याचं कपाळ फुटलं. त्या बाईला आणि तिच्या शेळ्यांना काही झालं नाही. तुम्हीच सांगा, याहून चांगलं कुणी काय केलं असतं? त्या माणसाला हार घालायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आमच्याकडे आणली. आता ऐका. चाकं थंड झालेली, ब्रेक ऑइलही थंड. आणि थंड झाल्यावर पेडल परत कडक लागत होतं. वकीलसाहेबांनी स्वतः दाबून बघितलं. सुदामभाऊ कपाळाला पट्टी बांधून उभा होता. तो म्हणाला, "साहेब, पाय ठेवलाच नवता म्या. गाडी आपल्या मनानं धरून राह्यली होती. मंग चाकं तापले, अन् मंग ब्रेकच गेला." अगदी बरोबर सांगितलं त्यानं. शिकलेल्या इंजिनिअरनं सांगावं तसं, ओळीनं. बूस्टरमधली वाटी फुगली की तो ब्रेक सोडत नाही; ब्रेक धरून राहतो, चाकं तापतात, तेल उकळतं, पेडल खाली जातं. मला तिथं उभ्या उभ्या सगळं कळलं होतं. उघडायचीही गरज नव्हती.

आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच पाह्य बाप्पा. तू बनवला, तुलेच समजन."

मी बूस्टर काढून मागच्या फळीवर नेला. एकटाच, नियमच तसा. उघडला. वाटी फुगून मऊ पडली होती, भिजलेल्या शेंगदाण्यासारखी, आणि सिलिंडरमध्ये गच्च रुतून बसली होती. सिलिंडरला ग्रीसचा पिवळट पापुद्रा. मी ती उकरून काढली आणि पँटच्या खिशात टाकली. सिलिंडर फडक्यानं पुसला. किती वेळ लागला असेल? चहा येऊन निवेल इतकासुद्धा नाही. मग साबणानं हात धुतले.

बाहेर येऊन मी म्हणालो, "बूस्टरमध्ये काही नाही. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवली की चाकं अशी तापतात."

यातलं दुसरं वाक्य खरं आहे. कुठल्याही मिस्त्रीला विचारा. ते मी मुद्दाम निवडलं. तेवढी अक्कल मी शाळेतही कधी चालवली नव्हती.

आता वकीलसाहेबांचं सांगतो, कारण त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जायलाही नको. जन्मभर कोर्टात लोकांची उलटतपासणी घेणारा माणूस. समोर सव्वीस वर्षं चालवणारा ड्रायव्हर एक सांगतोय, आणि ज्याचं काम तपासायचं तो मिस्त्री दुसरं सांगतोय. एक प्रश्न विचारू नये? बूस्टर मला दाखव, एवढं म्हणू नये? माझी बोबडी वळली असती हो. एका प्रश्नात मी कबूल झालो असतो. त्यांनी विचारला नाही. म्हणाले, "सुदाम, वय झालं आता तुझं. घरी बस." म्हाताऱ्या ड्रायव्हरचा पाय चुकला, ही गोष्ट त्यांना तयारच मिळाली, आणि तयार गोष्ट कुणाला नको असते? उस्ताद जमिनीकडे बघत होते. त्यांना काही कळलं होतं का, ते मला आजही माहीत नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही.

पण वकीलसाहेबांनी विचारलं नाही म्हणून मी खोटा ठरत नाही का? हीच पळवाट मी किती वर्षं वापरली. त्यांनी विचारायला हवं होतं, मान्य. मी सांगायला हवं होतं, हे त्याच्या आधी येतं.

सुदामभाऊ भांडेल असं मला वाटलं होतं. शिव्या देईल, माझी कॉलर धरेल. त्यानं खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. चप्पल घातलेला उजवा पाय. म्हणाला, "ठेवला असन का म्या?" कुणाला विचारलं ते कळलं नाही. मी फडक्याची घडी करत होतो.

तो घरी बसला. बूस्टर मी परत जोडलाच नाही, आणि वकीलसाहेबांनी अँबॅसिडर विकून टाकली. मी नवीन कामं घेतली, उस्तादांनी पुढं गॅरेजचा ब्रेकचा भाग पूर्ण माझ्याकडेच दिला. मी ब्रेकच्या कामात फार बारीक आहे असं नाव झालं. आहेच बारीक. एकेक रबर तीनदा बघतो. लोक कौतुक करतात तेव्हा मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटतं.

या वर्षी दसऱ्यानंतर सुदामभाऊ आला. पुतण्याच्या टेम्पोत बसून. केस पांढरे झालेले, बाकी तसाच. मला बघून म्हणाला, "काय रे कोकण्या, पोट सुटलं तुह्यं. काकू लय चारते वाटते." टेम्पोच्या ब्रेकचं काम होतं. मी स्वतः केलं. पहिली फेरी मारून आणली आणि मग काय सुचलं कुणास ठाऊक, चावी त्याच्यासमोर धरली. म्हटलं, सुदामभाऊ, एक चक्कर तुम्ही मारून बघा.

पुतण्या हसायला लागला. "काका? काकाले सायकल देल्ली तं हातात धरून पैदल घेऊन येते."

सुदामभाऊ पण हसला. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "नाई बाप्पा. माह्या पायाचा भरोसा नाई. तवा तू खरं बोल्ला म्हनून बरं झालं. दुसरा असता तं लाजेकाजे काई बोल्ला नसता, अन् मी चालवतच राह्यलो असतो. एखांद्या दिवशी कोनाचं लेकरू गेलं असतं. तुहे उपकार हाये माह्यावर."

उपकार. माझ्याच तोंडातला शब्द. बोंबील भाजणाऱ्या काकूंसाठी मी तो वापरतो.

आठ वर्षं हा माणूस स्वतःच्या पायाला दोष देत जगला. मी एक वाक्य बोललो आणि त्यानं माझ्या वाक्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या सव्वीस वर्षांवर नाही. असा कसा विश्वास ठेवतात लोक? आठवी नापास पोराच्या शब्दावर, का तर त्यानं डबा उघडला होता म्हणून? मला त्याचाही राग आला, तुम्हाला सांगतो. त्याच्याच समोर उभा राहून त्याचाच राग. इतकी माझी मजल. तो माझ्या दंडावर हात ठेवून उभा होता. पुतण्या टेम्पोत जाऊन बसला होता. उस्ताद जेवायला गेले होते. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. दोन वाक्यं सांगायची होती.

मी म्हणालो, "हाओ, भाऊ. चहा घेता का?"

त्यानं चहा घेतला.

सुदामभाऊचा पाय ब्रेकवर नव्हता. रबर माझ्या ग्रीसनं फुगलं. उस्तादांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, सुदामभाऊनं मला बघायला सांगितलं तेव्हा मी बूस्टरमध्ये काही नाही असं सांगितलं, आणि त्यानं माझे आभार मानले तेव्हा ते घेतले. टेम्पो वळून आर्वीच्या रस्त्याला लागला तेव्हा तो पुढच्या सीटवर पुतण्याच्या बाजूला बसला होता, दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून. त्यानं खिडकीतून हात केला. मीही केला.